सैनिकांची मुले आणि गावची शाळा : बऱ्हाणपूरच्या निमित्ताने

तापीच्या उत्तर तीरावर वसलेले बऱ्हाणपूर शहर दीर्घकाळ लष्कराचे ठाणे म्हणून ओळखले गेले. फारुकी सुलतानांची ही राजधानी. अकबराने १६०१ मध्ये जवळचा असीरगड हस्तगत केल्यावर ती मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठिकाण झाली आणि दक्षिणेकडील मोहिमांच्या फौजा येथून निघू लागल्या. शहाजहान बादशहाचा तळ येथे असताना १७ जून १६३१ रोजी मुमताजमहल हिचा अंत झाला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मोहिमेवर निघालेल्या पतीबरोबर मुलाबाळांसह तळावर राहणाऱ्या स्त्रीचे ते मरण होते, हे मात्र सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. शाहजाद्यांना तळावरही गुरू मिळत. साध्या शिपायाच्या मुलाने त्या काळी कोठे अक्षर गिरविले याची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही. १८१९ मध्ये असीरगड इंग्रजांच्या हाती गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तेथे त्यांची शिबंदी राहिली. त्यानंतर या भागातील लष्करी वस्ती संपली.

आज बऱ्हाणपुरात लष्कराची छावणी नाही. २००३ मध्ये पूर्व निमाडातून वेगळा काढण्यात आलेला हा जिल्हा यंत्रमाग आणि केळी यांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु छावणी नसली म्हणून सैनिकांची कुटुंबे नाहीत असे नव्हे. कोणत्याही जिल्ह्यातून मुले सैन्यात जातात, त्यांचे विवाह होतात, त्यांना मुले होतात. आणि पलटण सरहद्दीवर गेली म्हणजे पत्नी व मुले बहुधा सासरी किंवा माहेरी येऊन राहतात. अशा मुलांना छावणीतली शाळा लाभत नाही. त्यांना लाभते ती नगरपालिकेची, जिल्हा परिषदेची किंवा राज्यशासनाची शेजारची शाळा. सैनिकांच्या मुलांचे शिक्षण हा विषय निघाला की चर्चा प्रायः सैनिकी शाळा, केंद्रीय विद्यालये आणि आर्मी पब्लिक स्कूल यांच्याभोवती फिरते. गावच्या शाळेसाठी सेनाधिकाऱ्यांना काही करता येईल काय, हा प्रश्न मागे राहतो. वस्तुतः तोच अधिक महत्त्वाचा आहे.

महूची शाळा आणि साताऱ्याचे गोणपाट

या प्रश्नाचे मर्म सांगणारे उदाहरण बऱ्हाणपूरपासून फार दूर नाही. निमाड ओलांडून विंध्याचा घाट चढले की महूची छावणी लागते. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेऊन लष्करी शाळेत सुमारे चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. त्यांचे पुत्र भीमराव यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. त्या काळच्या मुंबई लष्करात शिपायांना व त्यांच्या मुलाबाळांना शिक्षण सक्तीचे होते. मुलांसाठी दिवसाची शाळा भरे, मुलींनाही शिकविले जाई आणि प्रौढ शिपायांसाठी रात्रीचे वर्ग चालत. देशातील सर्वसाधारण प्रजेला सक्तीचे प्राथमिक शिक्षण ही कल्पनाही जेव्हा दूरची होती, तेव्हा छावणीच्या कुंपणाआड ती अंमलात आली होती. गावात ज्यांना पाटीला हात लावू दिला जात नसे, अशा महार शिपायांच्या घरांत त्यामुळे एका पिढीत लिहिणारे, वाचणारे आणि अर्ज करणारे लोक निर्माण झाले. खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही लष्करी शिक्षणाचे हे ऋण आपल्या लेखनात नमूद केले आहे.

परंतु रामजी सुभेदार निवृत्त झाले आणि कुटुंब छावणीबाहेर पडले. प्रथम दापोली व नंतर सातारा येथे त्यांचा मुक्काम झाला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्यात येतो. त्या शाळेत मुख्याध्यापकाच्या मुलाला इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे. बसण्याचे गोणपाट तो घरून आणी व संध्याकाळी परत घेऊन जाई, कारण शाळेचा नोकर त्याला शिवत नसे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची सोय नव्हती. शिपायाने तोटी सोडली तर पाणी मिळे आणि शिपाई नसला तर तसेच राहावे लागे. या गोष्टी बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवल्या आहेत.

दापोलीचा अनुभव निराळा नव्हता. कोकणातील या गावी पेन्शनर सैनिकांची मोठी वस्ती होती. सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध केले ते याच परिसरातून. १८९०च्या दशकाच्या आरंभी तेथील निवृत्त सैनिकांना आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावे म्हणून अर्ज करावे लागले. ज्यांनी सरकारची चाकरी इमानेइतबारे केली, ज्यांच्या मुलांनी छावणीत सर्वांसमवेत धडे घेतले, त्यांना गावात शाळेच्या दारापासून आरंभ करावा लागला.

येथे लष्करी अधिकाऱ्यांचे यश आणि त्यांची मर्यादा दोन्ही एकाच कुटुंबात दिसतात. आपल्या हद्दीत त्यांनी शाळा सक्तीची केली आणि ती चालविली. परंतु छावणीच्या फाटकाबाहेर त्यांचा हुकूम चालत नव्हता. शिपायाचे आयुष्य मात्र फाटकाबाहेरच अधिक जाते. चाकरी पंधरा-वीस वर्षांची असते आणि गाव जन्माचे असते. मुलाचे शालेय शिक्षण तर बहुधा या दोहोंच्या सांध्यावर येते.

स्वातंत्र्योत्तर काळातील वाट

पुढील काळातही सैनिकांच्या मुलांसाठी जी व्यवस्था झाली ती मुख्यतः निराळ्या शाळांची. अजमेर येथे १९३० मध्ये आणि बेळगाव येथे १९४५ मध्ये सैनिकांच्या मुलांसाठी निवासी शाळा निघाल्या, त्या आज राष्ट्रीय मिलिटरी स्कूल या नावाने चालतात. २३ जून १९६१ रोजी साताऱ्यास देशातील पहिली सैनिकी शाळा उघडण्यात आली. १९६२च्या नोव्हेंबरात केंद्र शासनाने केंद्रीय विद्यालयांची योजना मंजूर केली. तिचा आरंभ १९६३-६४ मध्ये वीस पलटणी शाळा ताब्यात घेऊन झाला, हे आज पुष्कळांना ठाऊक नसते. बदलीवर जाणाऱ्या पालकाच्या मुलाला देशात कोठेही तोच अभ्यासक्रम व तेच माध्यम मिळावे, हा त्या योजनेचा हेतू होता व तो पुष्कळ अंशी सिद्धीस गेला. अशी विद्यालये आता बाराशेहून अधिक आहेत. बऱ्हाणपूरजवळ भुसावळ व वरणगाव येथील आयुध निर्माणींच्या वसाहतींतही ती चालतात. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटीच्या शाळा शंभराहून अधिक ठिकाणी आहेत.

या सर्व संस्थांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्या जेथे छावणी, कारखाना वा मोठे कार्यालय आहे तेथेच बहुधा निघतात. निवासी शाळेत प्रवेश निवडीने मिळतो. हवालदाराची जी मुलगी आजीपाशी राहून गल्लीतल्या शाळेत जाते, तिच्यापर्यंत यांपैकी काहीही पोहोचत नाही.

एका मुलीची बदली

हा प्रश्न कागदावर जितका किरकोळ वाटतो तितका वर्गात तो नसतो. एक नित्याचे उदाहरण घ्यावे. रावेर तालुक्यातील एखाद्या खेड्यात मराठी माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीत शिकणारी मुलगी आहे. वडील पलटणीत नाईक आहेत. पलटण दिवाळीनंतर सरहद्दीवर जाते. आईचे माहेर बऱ्हाणपूरचे. सासरी वडीलधारे कोणी नाही म्हणून ती मुलीला घेऊन माहेरी येते. अंतर काही थोड्या मैलांचे आहे, तापी तीच आहे, बाजारात मराठी बोलले तरी चालते. पण मुलीने राज्याची सीमा ओलांडलेली असते.

महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये सुरू होते, मध्य प्रदेशात अलीकडच्या वर्षांत शैक्षणिक सत्र एप्रिलपासून धरले जाते. तेथील वार्षिक परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. डिसेंबरात दाखल झालेल्या मुलीला आपल्या हिशेबाने निम्मे वर्ष हाती आहे असे वाटते; नव्या वर्गात मात्र उजळणी चालू झालेली असते. पाठ्यपुस्तके निराळी. लिपी देवनागरीच असल्यामुळे मुलीला वाचता येते, आणि तिला वाचता येते म्हणून समजतही असेल असा समज होतो. अडचण लपते ती येथेच. गणिताच्या तासाला गुरुजी ‘भिन्न’ शिकवितात. मराठीत भिन्न म्हणजे वेगळे. ज्याला ती अपूर्णांक म्हणत आली तेच हे, हे तिला कोणी सांगत नाही. तिचा ‘छेद’ येथे ‘हर’ होतो, काटकोनाचा समकोण होतो, त्रिकोणाचा त्रिभुज आणि लसाविचा लघुत्तम समापवर्त्य. दारावरच्या पाटीवर ‘शिक्षा विभाग’ असे लिहिलेले वाचून एखादे मराठी मूल दचकले तर त्यात त्याचा दोष नाही. कालपर्यंत वर्गात पुढे असलेली मुलगी आता उत्तर ठाऊक असून गप्प बसते. गुरुजींच्या दृष्टीने ती कच्ची ठरते. तिचे वडील कोठे आहेत, तिच्या घरी रात्री फोनची वाट का पाहिली जाते, हे वर्गशिक्षकांना बहुधा ठाऊकही नसते. प्रवेश-अर्जात पालकाचा व्यवसाय लिहिला गेला तरी पुढे तो अर्ज कपाटात जातो.

कायद्याने या मुलीला पुष्कळ दिले आहे. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क अधिनियमानुसार सहा ते चौदा वर्षांच्या बालकास राज्यांतर्गत वा राज्याबाहेरही दुसऱ्या शासकीय अथवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे. शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापकांनी तात्काळ द्यावयाचा असतो, आणि दाखला येण्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबविता वा नाकारता येत नाही. वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा व मागे पडलेल्या बालकास विशेष प्रशिक्षण द्यावे, असेही कायदा सांगतो. हे सर्व ज्या आईने सांगावयाचे ती कार्यालयाच्या दाराशी एकटी उभी असते आणि वडील दोन हजार किलोमीटरांवर असतात. कायद्याचे कलम आणि खिडकीपाशी उभी असलेली आई यांमध्ये कोणीतरी हवे. समादेशक अधिकाऱ्याचे काम येथून सुरू होते.

समादेशकाच्या हातातील गोष्टी

सेनाधिकाऱ्याने गावच्या शाळेत हुकूम सोडावा असा याचा अर्थ नाही. तसे झाल्यास शाळेचे व सेनेचे दोघांचेही नुकसान होईल. त्याच्या अधिकारात असलेल्या गोष्टीच पुष्कळ आहेत.

पहिली गोष्ट कालाची. पलटण कधी हलावी हे शाळेच्या वेळापत्रकावर ठरत नाही, ठरूही नये. परंतु एकेकट्या सैनिकाच्या बदलीस आणि रजेस ही अडचण सदैव नसते. बदलीचा आदेश सत्राच्या अखेरीस निघाला, किंवा निदान त्याची कल्पना दोन महिने आधी दिली गेली, तर मुलाचे वर्ष वाचते. दहावी-बारावीच्या वर्षी मुलाच्या शिक्षणाचे कारण धरून शासकीय निवासस्थान काही काळ ठेवू देण्याची सोय सैन्यात आहे. ती पुष्कळदा माहितीअभावी वापरली जात नाही. चौदा वर्षांपुढील मुलांना शिक्षणहक्काच्या अधिनियमाचे छत्र राहत नाही, म्हणून नववी ते बारावीच्या मुलांच्या बाबतीत अधिकाऱ्याचे लक्ष अधिक हवे.

दुसरी गोष्ट पत्राची. सैन्यात कागदाचे महत्त्व सांगावे लागत नाही. जवानाचे कुटुंब गावी जाऊन राहणार हे ठरताच पलटणीच्या कार्यालयातून गावच्या मुख्याध्यापकांना एक पत्र जावे : अमुक इयत्तेतील मूल अमुक तारखेपासून आपल्या शाळेत येऊ इच्छिते, आतापर्यंत अमुक माध्यमातून शिकले, वडील सीमेवर आहेत, संपर्कासाठी पलटणीतील अमुक अधिकारी. एवढेच पत्र, त्यात उपकाराची भाषा नको व दरडावणीची तर मुळीच नको. या पत्राने मुख्याध्यापकांनाही आधार मिळतो. आज त्यांच्यासमोर एक अनोळखी बाई आणि अपुरे कागद असतात. पत्र आले म्हणजे त्यांच्या दप्तरीही काही नोंद राहते.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि येथे सेनेजवळ एक साधन आहे ज्याचा विचार क्वचितच होतो. सेनेचे स्वतःचे शिक्षणदल आहे. त्याची परंपरा १९२१ पर्यंत मागे जाते व त्याचे प्रशिक्षण केंद्र मध्य प्रदेशातच पचमढी येथे आहे. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या जवानांना भाषा, गणित व नकाशावाचन शिकविणारे शिक्षक या दलात तयार होतात. एका भाषेतून दुसरीत जाणाऱ्याची अडचण त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? मराठी-हिंदी, मराठी-इंग्रजी, हिंदी-कन्नड अशा जोड्यांसाठी पहिली ते आठवीच्या गणित-विज्ञानातील पारिभाषिक शब्दांची चार-आठ पानांची पुस्तिका या दलास सहज करता येईल. छेद आणि हर एकच आहेत हे सांगणारे एक पान वेळेवर हाती पडले, तर रावेरच्या त्या मुलीचे एक सत्र वाचेल. रामजी सुभेदारांच्या शाळेचा वारसा सांगणाऱ्या सेनेला हे काम परके वाटू नये.

चौथी गोष्ट पालकांच्या उपस्थितीची. शिक्षणहक्क अधिनियमाखालील शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. म्हणजे जवानाची पत्नी ही या समितीची स्वाभाविक सदस्य ठरू शकते. पलटणीतील कुटुंब-कल्याणाच्या सभांतून पाककृती व विणकाम यांवर जितका वेळ दिला जातो त्यातील थोडा या समितीचे काम कसे चालते, शाळेचा विकास आराखडा कसा होतो, दाखला अडला तर अर्ज कोणाकडे करावा, हे समजावून देण्यात गेला तर गावी परतलेली स्त्री एकटी राहणार नाही. तिने मिळविलेली दुरुस्ती, मग ती पाण्याच्या टाकीची असो वा रिकाम्या शिक्षकपदाची, सगळ्या वर्गाला मिळते. सैनिकाच्या मुलासाठी झालेली सुधारणा शेजारच्या विणकराच्या मुलाच्याही पदरी पडावी, हा गावच्या शाळेचा खरा लाभ आहे. निराळ्या शाळेत तो होत नाही.

जवानाच्या रजेबाबतही थोडे लिहावयास हवे. वर्षातून एकदा लांब रजेवर आलेला बाप शेत, घर आणि नातेवाईक यांत अडकतो आणि शाळेत जात नाही. समादेशकाने रजेवर निघणाऱ्या प्रत्येक जवानास मुलाच्या वर्गशिक्षकांना भेटून येण्यास सांगावे व परत आल्यावर काय बोलणे झाले ते विचारावे. विचारपूस होणार हे माहीत असले म्हणजे काम होते, हे सैन्यात नव्याने शिकवावे लागत नाही.

छावणी नसलेल्या गावी कोण?

बऱ्हाणपूरसारख्या शहरात समादेशक राहत नाही, हा आक्षेप योग्य आहे. तेथे सेनेचा चेहरा दोनच ठिकाणी दिसतो. एक, राष्ट्रीय छात्रसेना : ज्या शाळा-महाविद्यालयांत तिची पथके आहेत तेथे बटालियनचे समादेशक तपासणीसाठी येतात. संचलन पाहून ते परत जातात. त्याच भेटीत मुख्याध्यापकांकडे सैनिकांच्या मुलांची चौकशी करण्यास त्यांना दहा मिनिटे पुरतील. दुसरे, जिल्हा सैनिक कल्याण यंत्रणा. तिचे प्रमुख बहुधा निवृत्त अधिकारी असतात; माजी सैनिकांचे पेन्शन, ओळखपत्रे, केंद्रीय सैनिक मंडळाचे शिक्षण-अनुदान, पंतप्रधान शिष्यवृत्ती ही कामे त्यांच्याकडे येतात. महाराष्ट्रात सैनिक कल्याण विभागाची वसतिगृहेही आहेत. मात्र हे सर्व साहाय्य पालकाच्या अर्जावर पालकाच्या हाती जाते. ज्या शाळेत मूल शिकते तिला त्याची वार्ताही नसते.

परदेशांत या बाबतीत निराळा विचार झालेला दिसतो. इंग्लंडमध्ये २०११ पासून सैनिकांच्या मुलांमागे शाळेलाच ठरावीक रक्कम देण्यात येते. त्यामुळे आपल्याकडे अशी मुले किती, हे शाळेला मोजावेच लागते. अमेरिकेत १९५०च्या कायद्याने लष्करी तळांजवळच्या सार्वजनिक शाळांना केंद्रीय साहाय्य मिळू लागले, कारण तळाच्या जमिनीवर स्थानिक कर बसत नाही. तेथे राज्याराज्यांतील अभ्यासक्रम निरनिराळे असल्याने बदलीवर जाणाऱ्या मुलांची तीच ओढाताण होई जी सातपुड्याच्या दोन अंगांना होते. २००८ पासून राज्यांनी आपसांत करार करून दाखले, वर्ग आणि परीक्षा यांबाबत परस्पर मान्यता देण्याचे ठरविले आणि कालांतराने सर्व पन्नास राज्ये त्यात सामील झाली. तळावरचा एक अधिकारी केवळ शाळांशी संपर्क ठेवण्यासाठी नेमला जातो. आपल्याकडे पैशाचे ते प्रमाण शक्य नसेल. परंतु मोजणे आणि संपर्क ठेवणे या दोन गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. जळगाव व बऱ्हाणपूर या शेजारच्या जिल्ह्यांच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी आणि सैनिक कल्याण अधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा एकत्र बसून सीमा ओलांडलेल्या अशा मुलांची यादी पाहिली, तरी आरंभ होईल.

जेथे कायद्यानेच अधिकार दिला आहे

छावणीच्या गावांची गोष्ट मात्र वेगळी आहे. कटक मंडळे, म्हणजे बोलीतली कॅन्टोन्मेंट बोर्डे, २००६ च्या अधिनियमानुसार चालतात. स्टेशनचा समादेशक हा मंडळाचा पदसिद्ध अध्यक्ष असतो आणि प्राथमिक शाळा स्थापणे, चालविणे वा त्यांना साहाय्य करणे हे मंडळाचे कर्तव्य म्हणून कायद्यात लिहिलेले आहे. देवळाली, खडकी, कामठी, महू, सागर अशा ठिकाणी सेनाधिकारी आपोआपच सार्वजनिक शाळांचा कारभारी ठरतो. या शाळांत छावणीतील शिपाई, धोबी, माळी, बाजारातील दुकानदार अशा सर्वांची मुले येतात. अधिकाऱ्यांची मुले तेथे क्वचितच असतात. हे स्वाभाविक असेल. पण त्याचा परिणाम असा होतो की ज्या शाळेचा अध्यक्ष आपण आहोत तिची स्थिती अध्यक्षाला घरी जेवताना ऐकावी लागत नाही. महिन्यातून एकदा पूर्वसूचना न देता वर्गात जाऊन मुलांना वाचावयास लावणे, रिकामी पदे सभेच्या कामकाजात पहिल्या क्रमांकावर घेणे, मंडळाच्या शाळेतून किती मुले दहावीपर्यंत पोहोचली हे दरवर्षी विचारणे, ही कामे अध्यक्षाने स्वतः करावी अशी आहेत. छावण्यांतील नागरी वस्ती शेजारच्या नगरपालिकांकडे सोपविण्याचे धोरण अलीकडे अवलंबिण्यात आले आहे. त्या हस्तांतरणात शाळांचे काय होते, शिक्षकांचे वेतन व मुलांचे माध्यम अबाधित राहते की नाही, याकडे त्या त्या समादेशकाने जाण्यापूर्वी लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

काही गोष्टी न केलेल्या बऱ्या. वर्धापनदिनी शाळेच्या भिंती रंगवून, संगणकाची दोन यंत्रे देऊन छायाचित्र काढण्याचा प्रघात आहे. तो वाईट नाही, पण यंत्र बिघडल्यावर दुरुस्तीस कोणी येत नाही. अधिकाऱ्याचा कार्यकाल दोन-तीन वर्षांचा, मुलाचे शालेय जीवन बारा वर्षांचे. जम्मू-काश्मीरमध्ये १९९८ पासूनच्या सद्भावना कार्यात सेनेने चाळीसहून अधिक शाळा चालविल्या, त्या टिकल्या त्या व्यक्तीच्या उत्साहावर नव्हे, तर अधिकारी बदलला तरी कार्य चालू ठेवणाऱ्या व्यवस्थेवर. गावच्या शाळेसाठी करावयाचे काम पलटणीच्या स्थायी आदेशात लिहिले गेले पाहिजे. नव्या समादेशकाला पदभार देताना शस्त्रे, वाहने व निधी यांच्या यादीबरोबर कुटुंबे गावी असलेल्या जवानांच्या मुलांची यादीही दिली जावी. तीत मुलाचे नाव, इयत्ता, माध्यम, शाळेचे गाव आणि मुख्याध्यापकांशी शेवटचा पत्रव्यवहार कधी झाला, एवढ्या नोंदी पुरेत.

निवृत्तीचे वर्ष

सैनिकाच्या मुलाची सर्वांत मोठी बदली कोणत्याही आदेशाने होत नाही. ती वडिलांच्या निवृत्तीने होते. बहुतेक जवान चाळिशीच्या आत-बाहेर घरी येतात. त्या वेळी थोरले मूल सातवी-आठवीत व धाकटे तिसरी-चौथीत असते. जी मुले वडिलांबरोबर छावणीत राहिली, केंद्रीय विद्यालयात हिंदी-इंग्रजीतून शिकली, ती एकाएकी गावी येतात. जवळ केंद्रीय विद्यालय असल्यास माजी सैनिकांच्या मुलांना तेथे प्रवेशात प्राधान्य मिळते. नसल्यास गावची शाळा. रामजी सुभेदारांच्या घरी हेच घडले होते. गोणपाटाचे दिवस गेले. तरी बाहेरून आलेले, वेगळे बोलणारे मूल वर्गाच्या कोपऱ्यात बसण्याची शक्यता गेलेली नाही.

निवृत्त होणाऱ्या जवानाला पलटण व अभिलेख कार्यालय यांच्याकडून पेन्शनचे कागद, सेवापुस्तिका, वैद्यकीय सुविधेचे पत्र आणि पुनर्वसनाची माहिती मिळते. याच लखोट्यात आणखी तीन कागद घालावयास हवेत : प्रत्येक मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला गुणपत्रिकेसह, गावच्या मुख्याध्यापकांच्या नावे समादेशकाच्या सहीचे पत्र, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयास त्याची प्रत. निवृत्तीची तारीख कित्येक महिने आधी ठरलेली असते, त्यामुळे घाईची सबब येथे लागू पडत नाही. बऱ्हाणपूरला जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे पत्र मार्चअखेर पोहोचावे, म्हणजे एप्रिलच्या सत्रात त्याचे नाव पटावर येईल. रावेर, मुक्ताईनगर किंवा भुसावळकडे जाणाऱ्या मुलासाठी मेअखेरपर्यंतचा अवधी मिळतो.